डीपीवर लाइटनिंग अरेस्टर आणि बुशिंग कव्हर लावून १४ महिने झाले, माझा अनुभव

आमची छोटी दाल मिल आहे, अकोला जिल्ह्यात, गावाबाहेर, चहूकडं काळ्या मातीचे कपाशी-तुरीचे वावरं. डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, स्वतःची, १०० केव्हीए, ११ केव्हीचे ४३३ व्होल्ट करणारी. अरेस्टर, म्हणजे लाइनवरून आलेला विजेचा झटका जमिनीत उतरवणारं साधन, लावायच्या आधी ती दोनदा जळाली, दोन्ही वेळा मृगाच्या तोंडावरच्या वादळात, आणि दुसऱ्या वेळी तर वीज आमच्याकडं पडलीच नव्हती, लांब कुठंतरी लाइनवर पडली आणि वाइंडिंग (डीपीच्या आतली तारेची गुंडाळी) आमची गेली. १९ दिवस मिल बंद, दाल निवडणाऱ्या बाया रोज सकाळी येऊन विचारायच्या "भाऊ, आज चालू होते का", ते दिवस आठवले की आजही जीव खाली-वर होते म्हणून एवढं सविस्तर लिहून राहिलो.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये तीन झिंक ऑक्साइडचे अरेस्टर बसवले, ९ केव्हीचे. लोक विचारतात ११ च्या लाइनवर ९ चा कसा काय, तर अरेस्टर फेज आणि जमीन यांच्यामधे बसते आणि तिथं रोजचं व्होल्टेज ६.३५ केव्हीच असते, त्यामुळं ९ चा बरोबर आहे. कॉन्ट्रॅक्टरनं आधी ते वर डीपीच्या आडव्या चॅनलवर लावले होते, तिथून बुशिंगपर्यंत (लाइनची तार जिथून टाकीत जाते तो इन्सुलेटर) वायर दोन मीटरच्या जवळपास. मी काढायला लावले आणि टाकीवरच, बुशिंगच्या अगदी बाजूला घेतले, कारण विजेचा झटका आला की त्या लांब वायरवरच काही केव्ही चढते आणि ते सगळं वाइंडिंगला भोगावं लागते. अरेस्टरची खालची तारही सरळ अर्थिंगच्या खड्ड्यात नेली, वेटोळे नाही, आणि टाकीच्या बॉडीलाही जोडली.

पण खरी गोष्ट अर्थिंगची आहे, आणि ती मले कोणीच सांगितली नव्हती. आपली काळी माती ओली असली की अर्थिंगला एक नंबर, ऑगस्टमध्ये टेस्टरवर ३ ओहम दाखवलं (हा आकडा जेवढा कमी तेवढं चांगलं). तीच माती मे महिन्यात हातभर भेगा पाडते, अर्थिंगच्या पाइपापासून सुटते, आणि मेच्या शेवटी तोच खड्डा १७ ओहम! आता पाहा, विजा सगळ्यात जास्त कडाडतात कधी, रोहिणी-मृगात, पहिला पाऊस जमिनीत मुरायच्या आधी. म्हणजे ज्या आठवड्यात अरेस्टरचं काम असते त्याच आठवड्यात त्याले जमीन भेटत नाही. तेव्हापासून मार्च ते जून दर चौथ्या दिवशी तिन्ही खड्ड्यांत पाणी टाकतो, भेगा मातीनं बुजवतो, आणि या मेमध्ये रीडिंग ५ च्या वर गेलं नाही.

सप्टेंबरमध्ये एका सकाळी मधल्या अरेस्टरची खालची तार लोंबकळताना दिसली. आतून खराब झालेला अरेस्टर डिस्कनेक्टर (खालच्या तारेचा सुटणारा जोड) तोडून स्वतःले अर्थपासून वेगळा करते, त्यामुळं लाइन चालू राहते, मिल चालू राहते, आणि तुमचा एक फेज विजेपुढं उघडा पडलेला असते हे कळतसुद्धा नाही. प्रत्येक वादळानंतर खालूनच नजर टाका. वर चढू नका, लाइनमननं परमिट घेऊन सप्लाय बंद केल्यावर लायसन्सवाल्याकडूनच बदलून घ्या. मी आता एक अरेस्टर जास्तीचा आणून ठेवला आहे.

सिलिकॉन रबरचे बुशिंग कव्हर आणि इन्सुलेटेड जंपर (लाइनपासून बुशिंगपर्यंतची झाकलेली तार) यांचा फायदा लगेच दिसला. आधी खार नाहीतर वानर चढलं की डीओ फ्यूज (खांबावरचा, उडाला की खाली लटकणारा) उडायचा, वर्षात चार-पाच वेळा, कव्हर लावल्यापासून एकदाही नाही. बिचाऱ्या जनावराचा जीवही वाचते. तक्रार एकच, कव्हरखाली बोल्ट ढिला होऊन तापला तर दिसत नाही, म्हणून दिवाळीच्या शटडाउनला उघडून टाइट करून घेतले. आणि कव्हर आहे म्हणून हात लावता येते असं कोणी समजू नका, ते माणसासाठी नाही.

ब्रीदरची (डीपीत जाणारी हवा कोरडी करणारी डबी) जेल निळीची गुलाबी झाली की बदलतो, पावसाळ्यात तेलात ओल गेली तर आतल्या कागदाचं इन्सुलेशन हळूहळू खलास होते आणि मग अरेस्टर कितीही चांगला असो. मिलच्या पॅनलमध्ये एसपीडी (आतल्या मशिनींना विजेच्या झटक्यापासून वाचवणारं साधन) पण लावला, त्याच्या खिडकीतला हिरवा रंग लाल झाला की मॉड्यूल बदलायचा, माझा एक बदलून झाला.

घ्यायचं असन तर एप्रिलमध्येच बसवा आणि कॉन्ट्रॅक्टरला अर्थिंगचं रीडिंग मेच्या शेवटी, तुमच्यासमोर घ्यायला लावा.