कलम १४ आणि ३६-अ : सगळ्यांना एकच कायदा की वेगळा?

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा-तळोद्याकडे जमिनीची गोष्ट निघाली की जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ निघतंच. आदिवासी खातेदाराला बिगर-आदिवासीला शेत विकायचं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, तीही राज्य सरकारची मान्यता घेऊन. बांधाला बांध लागून असलेल्या बिगर-आदिवासी शेतकऱ्याला ही अट नाही. मग राज्यघटनेच्या कलम १४ मधल्या, कायद्यापुढच्या समानतेचं काय? मत ठरवायचं असेल तर दोन्ही बाजू नीट पाहा.

'एकच कायदा' म्हणणाऱ्यांचं दुखणं खरं आहे. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याला दवाखान्यासाठी पैसा हवा होता. कागदांची पिशवी काखेत धरून तो विचारत होता, "मनी जमीन, मंग इकाले परवानगी काब्र?" (माझी जमीन, मग विकायला परवानगी कशाला?) त्याच्या त्या दिवसाच्या अडचणीवर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसऱ्या बाजूला इतिहास आहे. कर्जापायी आदिवासींचे अंगठे उठले, शेतं गेली, आणि मालक आपल्याच शेतात सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी झाला. म्हणून १९७४ चा जमीन परत देण्याचा कायदा आला; १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ मधले व्यवहार त्यात घेतले. लिंगप्पा पोचन्ना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. अशा कायद्यांना न्यायालय दोन प्रश्न विचारतं : गट कोणत्या खुणेवरून वेगळा काढला, आणि त्या खुणेचा कायद्याच्या हेतूशी संबंध काय?

वेगळेपणाला मोकळं रान मात्र नाही. कोणताही खटला विशेष न्यायालयाकडे पाठवायची मुभा सरकारला देणारा पश्चिम बंगालचा कायदा १९५२ मध्ये अन्वर अली सरकार खटल्यात टिकला नाही. खटले लवकर निकाली काढायचेत एवढंच कारण होतं. कोणते निवडायचे याचं मोजमाप नव्हतं.

मी ३६-अ ठेवायच्या बाजूचा आहे. घेणाऱ्याकडे पैसा आणि विकणाऱ्याच्या घरी आजारपण असताना ठरलेला भाव बरोबरीचा नसतो. परवानगीला होणारा उशीर ही वेगळी तक्रार आहे. त्यासाठी मुदत मागावी, कलम काढायला सांगू नये. घरपट्टीसारख्या बाबतीत मात्र मी आधी सरसकट नियमच धरेन.

तरी ठरत नसेल तर तलाठ्याकडे जाऊन आपल्या गावचे १९५७ ते १९७४ चे फेरफार (जमिनीची मालकी बदलल्याच्या नोंदी) काढा, आणि कोणाची जमीन कोणाच्या नावावर गेली ते वाचा.