गावातलं आपत्ती प्रशिक्षण: शाळा मोजली, दावण राहिली

2025 च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीनंतर आमच्या बचत गटानं ग्रामपंचायतीच्या मागं लागून हे प्रशिक्षण गावात आणलं. आमचा औसा तालुका, किल्लारी जवळच. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3.56 ला भूकंपात काय झालं ते इथं कुणाला शिकवावं लागत नाही. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेच्या पोरांनी मात्र सकाळभर पडद्यावर तेच दाखवलं. म्हातारी मंडळी उठून गेली.

दुपारी जिल्हा परिषद शाळेत नेऊन हातात टेप दिली नि विचारलं, आपत्तीत आसऱ्याला या वर्गात किती माणसं राहतील? सरपंच म्हणाले, चाळीस तर आरामात. खोली वीस बाय वीस फूट, म्हणजे सदतीस चौरस मीटर. मदतकार्याच्या आंतरराष्ट्रीय निकषात माणशी किमान साडेतीन चौरस मीटर धरतात. भागाकार केला तर दहा! सगळे गप. पाणी माणशी रोज 15 लिटर, म्हणजे दोनशे माणसांना 3000. संडास वीस जणांमागं एक. बघायला गेलो तर एकाला कुलूप, दुसऱ्यात मोडक्या खुर्च्या.

टीसीएलचं, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरचं प्रात्यक्षिक सगळ्यात कामाचं. आपल्याकडं पावडर सरळ टाकीत झोकतात. शिकवणाऱ्या बाईंनी आधी बादलीत कालवली, चुना खाली बसू दिला, वरची निवळी तेवढी टाकीत ओतली. अर्धा तास थांबून ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या औषधाचे थेंब नमुन्याच्या पाण्यात टाकले, पाणी पिवळं झालं. पिवळं नाही झालं तर क्लोरीन उरलेलं नाही, एवढं आता गटातल्या सगळ्याजणींना कळतं.

भूकंपात टेबलाखाली बसा म्हणे. आमच्या घरात टेबल आहे कुठं? त्र्याण्णवला माणसं गेली ती दगडमातीच्या जाड भिंती नि माळवदाखाली, म्हणजे मातीच्या जड छताखाली. तशी घरं अजून उभी आहेत, त्यांच्याबद्दल एक अक्षर नाही. आणि जनावरं? पाणी चढलं तरी दावणीची म्हैस सोडून शाळेत कोण येणार? विचारलं तर ‘तो विषय वेगळा’. अहो, आमच्याकडं तोच विषय पहिला. माणूस मागं राहतो तो म्हशीपायीच.

फी नव्हती, जेवण गटानं केलं. तुमच्याकडं बोलवायचं असेल तर पडद्याचा भाग कमी करायला सांगा, आणि जनावरं कुठं बांधायची, चारा कुठून आणायचा हे आधीच लेखी विचारून ठेवा. पाचपैकी साडेतीन.