खाडीवरच्या शिडाच्या बोटींचा क्लब : आठ महिन्यांनंतर

कुटुंब-सभासदत्व घेताना मी विचारलं होतं, "दर रविवारी किती वाजता यायचं?" उत्तर आलं, "भरती बघून." ते अजूनही गैरसोयीचंच वाटतं. एका भरतीपासून पुढची भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी, म्हणजे रोज सुमारे ५० मिनिटं उशीर. या रविवारी नऊला खाडी तुडुंब, तर पुढच्या रविवारी नऊला तिथे गाळ. मुलांचे क्लास सांभाळताना ओढाताण होते. ठरावीक वेळच हवी असेल त्यांनी तलावावरचा क्लब बघावा.

तरीही मी सभासदत्व चालू ठेवलंय ते शिकवण्याच्या पद्धतीमुळे. मुलांना ऑप्टिमिस्ट देतात : २.३६ मीटर लांब, ३५ किलोची, एका शिडाची बोट. सुरुवातीला शीड चढवलंच नाही, आधी गाठी आणि मग मुद्दाम बोट उलटवणं. माझी नऊ वर्षांची मुलगी पाण्यात पडली तेव्हा जेट्टीवर माझा जीव टांगणीला लागला होता. प्रशिक्षक सेफ्टी बोटीतून दोन हातांवर होते, पण त्यांनी बोटीला हात लावला नाही. "पाय फळीवर, आता मागे रेल!" ती बोटीच्या बुडाशी पोहत गेली, बुडातून बाहेर आलेल्या डॅगरबोर्डवर, म्हणजे त्या फळीवर, चढली, कड धरून मागे झुकली. आधी काहीच हललं नाही. मग डोलकाठी निथळत वर आली. ती आत चढली आणि कोणी न सांगता डब्याने पाणी उपसायला लागली.

मोठ्यांच्या वर्गात प्रवाह वाचायला शिकवतात. नांगरलेल्या बोटींची तोंडं कुठे वळलीत ते आधी बघायचं. सहा तासांच्या भरतीत मधल्या दोन तासांतच जवळजवळ निम्मं पाणी चढतं, तेव्हा ओढ सर्वांत जास्त. वारा प्रवाहाच्या उलट असेल तर लाटा आखूड आणि उभ्या होतात. प्रवाहाविरुद्ध परतताना काठाच्या बाजूने यायचं, तिथे ओढ कमी असते.

एकदा हे सगळं माहीत असूनही अडकलो. ओहोटी लागली, वारा पडला आणि शीड फडफडत आम्ही मुखाकडे वाहत निघालो. परत बोलावायचा झेंडा उशिरा लागला होता. सेफ्टी बोटीने ओढून आणलं, पण मुलं सोबत असताना ही चूक लहान नाही. मी लेखी तक्रार दिली. पुढच्याच आठवड्यापासून परतायची वेळ फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहितात.

बोटी पाण्यात उतरवायच्या उतारावरचं शेवाळ मात्र तसंच आहे. उधाणाच्या रविवारी गर्दी झाली की लहान मापाची लाइफ जॅकेटं पुरत नाहीत, म्हणून आम्ही मुलांची स्वतःची घेतली.

सासूबाई पाण्यात उतरत नाहीत. शर्यतीच्या दिवशी त्या घड्याळ घेऊन बसतात आणि प्रत्येक बोटीची वेळ वहीत टिपतात. गेल्या महिन्यापासून निकाल त्यांच्याच वहीवरून लागतो.