सुरगाणा आणि निफाड: जिल्हा एक, ताटं दोन

नाशिक जिल्ह्यातलं कुपोषण एका सरासरीत मोजलं की सुरगाणा हा आदिवासी तालुका दिसेनासा होतो. तिथे पाऊस धो धो कोसळतो, पण डोंगरउतारावरून वाहून जातो. नागली, वरई, भात ही पिकं खरिपातच. नागलीत कॅल्शियम भरपूर, म्हणजे खाणं निकस नाही. ते वर्षभर पुरत नाही. लवकर लग्न, अशक्त आई आणि कमी वजनाचं बाळ ही साखळीही इथेच जास्त घट्ट.

निफाडला गंगापूर, पालखेडचे कालवे, द्राक्षं, कांदा, हाताला काम, जवळ दवाखाना.

पण निफाडच्या बागेत सुरगाण्याचं मूलही असतं. दिवाळीनंतर आईबाप मजुरीला उतरतात. गावात आदिवासी भागासाठीच्या अमृत आहार योजनेतून गरोदर, स्तनदा आईला एक वेळचं चौरस जेवण, मुलाला अंडी किंवा केळी मिळतात. स्थलांतरात ते सुटतं. मला हीच फट सर्वांत घातक वाटते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर 11.5 सेंमीपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण. बागेवरच्या प्रत्येक लेकराचा दंड तिथल्या अंगणवाडीनेच मोजायला हवा, नाव कुठल्याही गावात नोंदलेलं असो.