छोट्या पिस्तुलासाठी होल्स्टर : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

माझ्याकडे ईशापूरच्या कारखान्यात बनलेले .३२ बोअरचे ‘अशनी’ पिस्तूल आहे. पेट्रोल पंपाची रोकड बँकेत भरायला जाताना ते रोज तीन-चार तास कमरेला असते. जळगावच्या उन्हाळ्यासह गेल्या नऊ महिन्यांत मी त्यासाठी तीन होल्स्टर (पिस्तूल ठेवायची कमरेची म्यानं) वापरले. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेले आणि आपल्या ताब्यात असावे लागते. त्यामुळे ते सहज झाकले जाणे आणि जागेवरून न हलणे या दोन्ही गोष्टी मला आवश्यक होत्या.

पहिला होल्स्टर नायलॉनचा होता. तो अंगाला मऊ लागत असे, पण पिस्तूल बाहेर काढताच त्याचे तोंड मिटायचे आणि ते परत ठेवण्यासाठी दुसऱ्या हाताने तोंड उघडावे लागे, म्हणजे नळी स्वतःच्याच बोटांकडे रोखली जाई. कापड इतके पातळ होते की बाहेरून दाबल्यावर चाप बोटाला जाणवत असे. तीन आठवड्यांत मी तो बाजूला ठेवला. पैसे वाया गेल्याचे मला दुःख नाही.

दुसरा होल्स्टर मी ओळखीच्या चर्मकाराकडून चामड्याचा करून घेतला. काम सुबक होते, शिवण दुहेरी होती आणि महिनाभरात चामड्याने पिस्तुलाचा आकार धरला. हिवाळ्यात त्याच्याइतके सुखाचे काही नव्हते. एप्रिलमध्ये मात्र घामाने चामडे ओलसर राहू लागले. एकदा मी पिस्तूल रात्रभर त्यातच ठेवले आणि सकाळी स्लाइडवर (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावर), मुठीच्या जरा वर, तीळभर तांबूस डाग दिसला. तेलाच्या फडक्याने तो निघाला, पण त्या जागी बोट फिरवले की अजूनही किंचित खरबरीत लागते. चामड्याचा होल्स्टर वापरणाऱ्यांनी घरी आल्यावर पिस्तूल त्यातून काढून, पुसून वेगळे ठेवावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

सध्याचा होल्स्टर कायडेक्स या कडक प्लास्टिकचा असून तो पँटच्या आत बसतो. पिस्तूल आत गेले की ‘टक्’ असा आवाज येतो आणि चाप पूर्ण झाकला जातो. घेतल्या दिवशी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढून, चेंबर (नळीच्या मागची, गोळी बसण्याची जागा) रिकामा असल्याची दोनदा खात्री करून, मी तो गादीवर उलटा धरून जोरात हलवला. पिस्तूल सुटले नाही. पहिले दहा दिवस त्याची वरची कड बरगडीखाली रुतत होती. बारीक पॉलिश पेपरने ती घासली, आत सुती बनियन घालू लागलो आणि त्रास थांबला. नाभीला बारा वाजले असे धरले तर उजव्या बाजूला चार वाजण्याच्या जागी तो मला मानवतो. मोटारसायकलवर पुढे झुकल्यावर मूठ शर्टातून उमटते, म्हणून शर्ट एक माप मोठा घेतो.

खरा फरक मात्र पट्ट्याने पडला. साध्या, लवचीक पट्ट्यावर तिन्ही होल्स्टर बाहेरच्या बाजूला कलत असत आणि ते सावरायला माझा हात सारखा कमरेकडे जात असे. दीड इंच रुंदीचा, दुहेरी चामड्याचा ताठ पट्टा लावल्यापासून बँकेच्या रांगेत उभे असताना तो हात तिकडे जात नाही, आणि आरामाची माझी कसोटी तीच आहे. होल्स्टर पट्ट्याला अडकवणाऱ्या क्लिपचे स्क्रू तेवढे दोन महिन्यांत सैल होतात, ते महिन्याच्या पहिल्या रविवारी मी आवळून घेतो.