वाहिनीवर रडार दाखवायचंय: हवामान विभागाचं चित्र, विंडी की विकतचं सॉफ्टवेअर?

पावसाळा तोंडावर आला की न्यूजरूममध्ये एक मागणी हमखास होते: "आपल्याकडेही ते फिरणारं रडार पाहिजे." मागणी करणाऱ्यानं बहुधा एखाद्या अमेरिकन वाहिनीवरचं वादळाचं कव्हरेज पाहिलेलं असतं. मराठी वाहिनीपुढे व्यवहारात पर्याय तीनच उरतात: हवामान विभागाची चित्रं, विंडी हे हवामान दाखवणारं संकेतस्थळ आणि विकतचं सॉफ्टवेअर. माझं मत आधीच सांगतो: पडद्यावर काय झकास दिसतं यावर जाऊ नका. डेटा कुठून येतो आणि रात्री दोन वाजता डेस्कवर कोण बसलेलं असतं, एवढ्या दोन गोष्टींवर ठरवा.

हवामान विभागाची चित्रं

फुकट आहेत आणि खऱ्या रडारची आहेत. मुंबईत कुलाब्याला एस-बँड, तर वेरावलीला 2022 पासून सी-बँड रडार आहे (एस आणि सी ही रडारच्या लहरींच्या लांबीनुसार पडलेली नावं). नागपूर आणि गोव्याची रडारही उपयोगी पडतात. लातूर-नांदेडसाठी हैदराबादचं रडारही पाहता येतं. संकेतस्थळावरचं चित्र उतरवायचं आणि ओबीएस किंवा व्हीमिक्स या प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवायचं. अर्ध्या दिवसात कुणालाही शिकवता येतं.

खरी गोम चित्र निवडण्यात आहे. बहुतेक वाहिन्या 'मॅक्स झेड' उचलतात, कारण ते भरगच्च दिसतं. त्यात मधल्या नकाशाच्या वर आणि बाजूला दोन पट्ट्या असतात. ढग किती उंच गेलाय ते त्या दाखवतात. स्टुडिओत या पट्ट्या 'फालतू जागा' म्हणून कापल्या जातात, आणि मग वादळी ढग व साधा पावसाळी ढग यांतला फरक सांगायला अँकरकडे काही उरत नाही. शिवाय मॅक्स झेडमध्ये प्रत्येक ठिकाणच्या वरच्या हवेतला सर्वांत तीव्र प्रतिध्वनी, म्हणजे थेंबांवर आपटून परतलेली रडारची लहर, उमटतो. ढगात वर पाणी आहे पण खाली रस्ता कोरडा, असंही होतं. शहराच्या बातमीपत्रासाठी 'एसआरआय' बरं: ते जमिनीलगतच्या पावसाचा वेग तासाला मिलिमीटरमध्ये दाखवतं. त्याची कक्षा कमी असते, पण प्रेक्षकाला मिलिमीटर कळतात, डीबीझेड (प्रतिध्वनीच्या तीव्रतेचं माप) कळत नाही.

दुसरी गोम घड्याळाची. चित्रावरची वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते. 11:42 लिहिलेलं चित्र संध्याकाळी 5:12 चं असतं. साडेपाच तास मिळवायचे विसरलात, तर ताजं चित्र शिळं वाटतं आणि खरोखरचं शिळं चित्र 'लाइव्ह' म्हणून जातं. रडार देखभालीसाठी बंद असेल तर जुनंच चित्र तिथे राहू शकतं, म्हणून वेळ पाहिल्याशिवाय एअरवर घेऊ नका.

तिसरी मर्यादा भूगोलाची. ती कुठल्याच सॉफ्टवेअरनं सुटत नाही. अर्ध्या अंशाच्या कोनात सोडलेला किरण 100 किलोमीटरवर जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंच असतो, 250 किलोमीटरवर जवळपास सहा. कोकणातला मान्सूनचा पाऊस पुष्कळदा बुटक्या ढगांतून पडतो. किरण त्यांच्या डोक्यावरून निघून जातो आणि नकाशा कोरा दिसतो. त्यात सह्याद्री आडवा. दूरच्या जिल्ह्यावर रंग नाही म्हणून 'उघडीप' जाहीर करण्याआधी तिथल्या वार्ताहराला फोन करावा.

विंडी

दिसायला देखणं आणि हाताळायला सोपं. मोठ्या टचस्क्रीनवर अँकर बोटानं नकाशा फिरवतो तेव्हा छापही पडते. पण विंडीवर सुरुवातीला जे वाहताना दिसतं ते रडार नसून संगणकी मॉडेलचा अंदाज असतो. रडारचा थर वेगळा निवडावा लागतो. 'पाहा, आता अंधेरीवर पाऊस' असं म्हणत मॉडेलचं ॲनिमेशन दाखवणं ही सरळ सरळ दिशाभूल आहे, मग ती नकळत का असेना.

त्यातलं युरोपीय मॉडेल साधारण 9 किलोमीटरच्या चौकटींनी काम करतं. खोपोली आणि लोणावळा यांच्यात हवाई अंतर जेमतेम तेवढंच, उंचीत मात्र पाचशे मीटरहून अधिक फरक. घाटाचा पाऊस त्या चौकटीत विरघळून जातो. मुंबईचंही तेच: 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कुलाब्यात 75 मिलिमीटरही झाला नव्हता. एवढ्याशा अंतरातला असा फरक मॉडेलच्या भरवशावर सांगायला जाऊ नये.

चक्रीवादळात मात्र विंडीला तोड नाही. 3 जून 2020 च्या निसर्गसारखं वादळ अलिबागच्या दिशेनं येत असेल, तेव्हा वाऱ्याचा तो भोवरा प्रेक्षकाला क्षणात उमगतो. कोपऱ्यात ठळक 'अंदाज' लिहा आणि विंडीचा शिक्का झाकू नका.

विकतचं सॉफ्टवेअर

द वेदर कंपनीचं मॅक्स (मॅक्स झेडशी याचा संबंध नाही) आणि अलाबामातल्या बॅरन कंपनीचं लिंक्स ही ठळक नावं. त्रिमितीय नकाशे, तयार साचे, वादळाचा मार्ग आखणं, आपोआप चालणारी इशाऱ्याची पट्टी, सगळं त्यात आहे. पण ही जादू अमेरिकेत खुलते, कारण तिथे नेक्सरॅड या सरकारी जाळ्यातल्या सुमारे 160 रडारचे मूळ आकडे खुले आहेत आणि पावसात दर चार-सहा मिनिटांनी नवे येतात. आपल्याकडे सार्वजनिक पानावर मिळतं ते रंगवलेलं चित्र. मूळ आकड्यांचा रीतसर करार नसेल, तर लाखो रुपयांच्या सॉफ्टवेअरमध्येही शेवटी तेच चित्र चिकटवाल. जीआर-टू-ॲनालिस्ट या रडार पाहण्याच्या सॉफ्टवेअरबद्दलही कुणी ना कुणी विचारतंच. स्वस्त आणि उत्तम आहे, पण ते नेक्सरॅडसाठी बनलेलं आहे, इथे उपयोग नाही.

कोणताही पर्याय घ्या, रंगांचा एक घोळ मिटवावाच लागेल. रडारवरचा लाल म्हणजे तीव्र प्रतिध्वनी. हवामान विभागाचा लाल म्हणजे जिल्ह्याला दिलेला सर्वोच्च इशारा. दोन्ही एका चौकटीत आले की प्रेक्षक गोंधळतो आणि शाळेला सुट्टी आहे का, असे फोन सुरू होतात. दोन वेगळे स्क्रीन ठेवा.

जिल्ह्याची केबल वाहिनी किंवा यूट्यूब चॅनल असेल, तर हवामान विभागाची चित्रं आणि ओबीएस पुरे. वाचलेल्या पैशांत तालुक्या-तालुक्यांत वार्ताहर नेमा. राज्यभर दिसणाऱ्या वाहिनीनं त्याला विंडीची जोड द्यावी. विकतच्या सॉफ्टवेअरचा विचार तिन्ही पाळ्यांत हवामानाचा स्वतंत्र माणूस असेल तरच करावा. विक्रेता डेमोत ओक्लाहोमाचा टॉर्नेडो दाखवेल. तुम्ही जुलैतल्या एखाद्या दिवसाचा, रत्नागिरी ते पालघर पट्ट्याचा डेमो मागा, आणि डेटा कुठून आणणार हे कोटेशनमध्ये लिहून घ्या.