ली-एनफील्ड (टी) की मोसिन पीयू: अस्सल स्नायपर रायफल ओळखायला सोपी कोणती?

दुसऱ्या महायुद्धातली एक खरी स्नायपर रायफल संग्रहात हवी म्हटलं, की पहिल्या खरेदीसाठी बहुधा दोन नावं समोर येतात: ब्रिटिश ली-एनफील्ड नंबर ४ मार्क १ (टी), यातली 'टी' ही स्नायपर आवृत्तीची खूण, आणि सोव्हिएत मोसिन-नागांत ९१/३० पीयू, यातलं 'पीयू' हे तिच्या स्कोपचं, म्हणजे दुर्बिणीचं, नाव. जर्मन के९८के मी मुद्दाम बाजूला ठेवतोय. तिच्या नकला इतक्या सफाईदार निघतात की नवख्याने तिथे हात घालू नये. उरलेल्या दोघींत स्कोप जवळपास सारखेच, ब्रिटिश ३ पट तर रशियन ३.५ पट. तेव्हा निर्णय नेमबाजीवर नाही, पुराव्यावर घ्यायचा.

पुराव्यात ब्रिटिश रायफल सरळ पुढे आहे. कारखान्यातून नेमका मारा करणाऱ्या रायफली निवडायच्या आणि १९४२ पासून त्या लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदुका बनवणाऱ्या कंपनीकडे स्कोप बसवायला पाठवायच्या, अशी ती पद्धत होती. यातल्या बहुतेक बीएसए (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स) कंपनीच्या शर्ली कारखान्यातल्या, म्हणून त्यांच्यावर एम४७सी हा सांकेतिक क्रमांक दिसतो. हॉलंडचा स्वतःचा संकेत एस५१; तो दस्त्याच्या खालच्या बाजूला लाकडात ठोकलेला असतो. रायफलचा क्रमांक स्कोपच्या ब्रॅकेटवर (स्कोप धरणाऱ्या पकडीवर) असतो, आणि तिच्या नंबर ३२ या स्कोपचा क्रमांक दस्त्याच्या मनगटावर, म्हणजे हाताने धरायच्या निमुळत्या भागावर, वरच्या बाजूला. म्हणजे धातू, ब्रॅकेट, लाकूड आणि काच एकमेकांची साक्ष देतात. पुढे स्कोप बदलला गेला असेल, तर लाकडावरचा जुना क्रमांक खोडून नवा ठोकलेला सापडतो. हे मला दोष वाटत नाही. उलट खोडलेला क्रमांक दिसला की माझा विश्वास वाढतो, कारण खोटं करणारा सहसा सगळं जुळवून ठेवतो.

विक्रेते मात्र बोट ठेवतात ते रिसीव्हरच्या (नळीमागच्या धातूच्या मुख्य सांगाड्याच्या) डाव्या बाजूच्या 'टी' अक्षरावर. एकट्या त्या अक्षराला फार किंमत देऊ नका. एक पंच आणि एक हातोडी असली की ते कुणालाही ठोकता येतं. भिंगाखाली बघा: अक्षराच्या कडा उंचावलेल्या आणि धारदार असतील, आणि खाचेतला रंग आजूबाजूच्या फिनिशपेक्षा वेगळा असेल, तर ते अलीकडचं काम. लाकडातल्या आकड्यांनाही हीच कसोटी. वर्षानुवर्षं तेल मुरलेल्या दस्त्यात जुना ठसा आतपर्यंत काळा असतो. ताज्या ठशाच्या तळाशी उजळ, चेचलेले तंतू दिसतात. एक अपवाद लक्षात ठेवा. कॅनडाच्या लाँग ब्रँच कारखान्याने आपल्या (टी) रायफली स्वतःच तयार केल्या. तिथे एस५१ नसणं हा दोष धरायचा नाही.

मोसिनकडे वळलं की खऱ्या-खोट्याच्या मध्ये एक मोठा प्रदेश लागतो. पीयू स्कोप आधी १९४०च्या सुमारास एसव्हीटी-४० या सोव्हिएत अर्धस्वयंचलित रायफलीसाठी आला आणि १९४२ पासून मोसिनवर बसू लागला. युद्धानंतर कित्येक स्नायपर रायफलींचे स्कोप काढले, रिसीव्हरमधली भोकं बुजवली, स्कोपला अडकू नये म्हणून वाकड्या दांड्याचा असलेला बोल्ट (काडतूस आत ढकलणारा सरकता भाग) बदलून सरळ दांड्याचा घातला आणि त्या साध्या पायदळी रायफली झाल्या. त्याच आता कुणीतरी पुन्हा उघडून, नवा माउंट (स्कोप बसवायचा आधार) लावून 'स्नायपर' म्हणून विकतो. अशा रायफलीला खोटी म्हणणं अन्याय होईल, पण मूळ जोडी म्हणून घेणं त्याहून मोठी चूक. त्यात शस्त्रागारांनी डागडुजी करताना सुटे भाग सरमिसळ वापरले आणि क्रमांक नव्याने घालून जुळवले. त्यामुळे 'सगळे क्रमांक जुळतात' या वाक्याला इथे ब्रिटिश रायफलीइतकं वजन नाही.

तरी सुरुवातीची चाळणी सोपी आहे. रिसीव्हर षटकोनी असेल आणि त्यावर पीयूचा माउंट असेल, तर तिथेच थांबा. पीयू रायफली गोल रिसीव्हरच्या. नळीवर १९३८ किंवा १९३९ साल असेल तरी शंका घ्या. मोसिन स्नायपर तूला आणि इझेव्स्क या दोन सोव्हिएत कारखान्यांत बनल्या. तूलाच्या रायफलींवर नळीच्या बुंध्यावर 'एसएन' अर्थाची रशियन अक्षरं (СН) शोधा. इझेव्स्कच्या रायफलींवर तिथेच मूळ स्कोपचा क्रमांक असतो. मग स्कोपमधून पाहा. पीयूमधली नेम धरायची खूण नेम बदलला की स्वतःच सरकते, ती आपोआप मध्यभागी येत नाही. शून्य जुळवल्यावर, म्हणजे गोळी नेमाच्या जागी लागेल असं जमवल्यावर, ती एका कडेला गेलेली असेल, तर माउंट त्या रायफलीसाठी बसवलेला नाही, बहुधा नवी नक्कल आहे. वाकड्या बोल्टच्या दांड्यावर वेल्डिंगची रेघ दिसली तर ती सरळ बोल्टची करामत.

माझा कल असा: पैसे एकदाच घालायचे असतील आणि नंतर प्रश्न नको असतील, तर (टी) घ्या, आणि स्कोप नसलेली पण ठसे शाबूत असलेली मिळाली तर 'परिपूर्ण' संचापेक्षा तिलाच पसंती द्या. खरा नंबर ३२ नंतर शोधता येतो, खराब केलेलं लाकूड परत आणता येत नाही. मोसिन घ्यायचीच असेल तर पुन्हा स्कोप बसवलेली, पण तसं उघड सांगून विकली जाणारी घ्या. दोन्ही बाबतींत विक्रेत्याकडे माउंट काढून रिसीव्हरच्या डाव्या भिंतीचा आतून-बाहेरून फोटो मागा. त्याला तो द्यायला जमत नसेल, तर व्यवहार तिथेच सोडा.